चेंबरशी माझं वैर

आमच्या सोसायटीच्या फाटकासमोर एक चेंबर आहे. पावसाची मोठी सर आली की त्याचं झाकण आधी थुईथुई नाचतं, मग कडेने फसफसतं आणि दहा मिनिटांत अख्ख्या गल्लीचा मैला फाटकाशी हजेरी लावतो. सहा वर्षं मी अर्ज लिहितोय. सेक्रेटरी आहे, दुसरं करणार काय!

यंदा लाइन बदलायला घेतली. जुनी १५० मिलिमीटरची, नवी ३०० ची. दोन महिने आम्ही खड्ड्यावरच्या फळीवरून ये-जा केली. तळमजल्यावरच्या काकू फळीवर पाय टाकण्याआधी रामरक्षा सुरू करायच्या.

मी काठावर उभा राहून मुकादमाला ज्ञान द्यायचो. उतार नीट दे रे, पाणी सेकंदाला दोन फूट तरी पळालं पाहिजे, नाहीतर गाळ बसतो. त्याला लंडनही ऐकवलं. १८५८ च्या उन्हाळ्यात थेम्स इतकी घाण मारत होती की पार्लमेंटचे पडदे ब्लीचिंग पावडरच्या पाण्यात भिजवले होते. मग बॅझलजेट नावाच्या इंजिनियरने गटारं बांधली, पण मैला आणि पाऊस एकाच नळात! ते निस्तरायला आता २५ किलोमीटरचा बोगदा खणावा लागला. "एवढी साधी अक्कल नको?" मी विचारलं. मुकादम तंबाखू मळत म्हणाला, "बाजूला व्हा साहेब, जेसीबीचं बकेट फिरतंय."

जूनच्या पहिल्याच झोडपणीत झाकण पुन्हा नाचलं. मी फोनवर असा काही तापलो की दुसऱ्या सकाळी इंजिनियर हजर. माझ्या भाचीच्या वयाची मुलगी. काही न बोलता गच्चीवर गेली, पावसाच्या पाइपात लाल रंगाची पुडी सोडली, वरून दोन बादल्या पाणी. खाली आम्ही उघड्या चेंबरवर नाक दाबून ओणवे. आत जरा गुरगुरलं आणि लालभडक धार आली.

"गच्ची तीन हजार चौरस फूट धरा. तासात पन्नास मिलिमीटर पडला तर चौदा हजार लिटर, सगळं ड्रेनेजमध्ये. पावसाळी लाइन ती पलीकडे. या गल्लीत असं जोडलेली तुमची अकरावी इमारत. कुणी जोडलं हे, काका?"

मी आभाळाकडे पाहिलं.

"अहो, तुम्हीच नाही का प्लंबर आणलात?" काकू म्हणाल्या. "सहा वर्षं झाली. पार्किंगमध्ये पाणी साचून तुमची नवी गाडी भिजत होती म्हणून!"

"रेकॉर्ड बघावं लागेल," मी म्हणालो.