संगणकावर आखलेला पंप: एका संदेशाला उत्तर

मराठवाड्यातील शेतकऱ्यांच्या व्हॉट्सअॅप गटांवर एक संदेश फिरतो आहे. त्यानुसार, संगणकावर पंप आखणे ही निव्वळ जाहिरात असून त्यातून निघणारा कार्यक्षमतेचा आकडा कागदावरच राहतो. जड बीडाचा (ओतीव लोखंडाचा), जास्त एचपीचा पंप घेतला की पाणी वाढते. आणि बिल माफ असल्याने कार्यक्षमतेची चिंता नको, असे त्यात म्हटले आहे.

आधी एचपी पाहू. पाइपातले घर्षण धरून 25 मीटर हेडवर, म्हणजे तेवढ्या उंचीवर, सेकंदाला 10 लिटर पाणी चढवण्यासाठी पाण्याला सुमारे 2.45 किलोवॅट शक्ती मिळावी लागते. पंपाची कार्यक्षमता 45 टक्के असेल तर त्याच्या शाफ्टला (फिरत्या दांड्याला) 7.3 एचपी द्यावे लागतात आणि 70 टक्के असेल तर 4.7 एचपी पुरतात. म्हणजे साडेसातची मोटार जेवढे पाणी देते तेवढेच पाचची देऊ शकते, आणि वरची शक्ती पंपाच्या पोटात पाणी घुसळण्यातच खर्च होते.

ती नेमकी कुठे जाते हे शोधण्यासाठी संगणक लागतो. पाणी इम्पेलरमध्ये, म्हणजे पंपातल्या पात्यांच्या फिरत्या चाकात, ज्या कोनातून शिरते तो पात्याच्या कोनाशी जुळला नाही, तर पात्याच्या तोंडाशीच भोवरे उठतात; बंद बीडाच्या आत ते अनुभवी कारागिरालाही दिसत नाहीत. संगणक त्या पोकळीचे लाखो कप्पे पाडून प्रत्येकातील वेग आणि दाब काढतो, त्यामुळे साचा करण्याआधीच पात्यांचे अनेक आकार पडताळता येतात. आपल्या विहिरींची पातळी भाद्रपदात एक आणि वैशाखात दुसरीच असते, म्हणून त्या संपूर्ण टप्प्यात पंप कसा चालेल हे आखणीतच पाहता येणे मला सर्वांत मोलाचे वाटते.

कागदावरच्या आकड्याचा आक्षेप अर्धा खरा आहे. ओतकाम खडबडीत झाले किंवा इम्पेलरभोवतीची फट वाढली तर कार्यक्षमता घटते, म्हणूनच तयार पंपाची चाचणी घेऊन आकडा ताडून पाहावा लागतो. वजनाने मजबुती येते, पाणी वाढत नाही.

राहिली बिलमाफी. साडेसात एचपीपर्यंतच्या कृषिपंपांना 2024 पासून ती आहे, पण विजेचे तास मोजकेच असतात, आणि प्रत्येक मोटार गरजेपेक्षा जास्त वीज ओढू लागली की व्होल्टेज पडते व डीपी (गावातला ट्रान्सफॉर्मर) जळते. सौरपंपाला तर पॅनेल देईल तेवढ्याच विजेवर चालायचे असते. सकाळच्या कोवळ्या उन्हात पाणी पाइपाच्या तोंडापर्यंत केव्हा पोहोचेल, हे पंपाच्या कार्यक्षमतेवरही अवलंबून असते.