कड्यावरचे घरगुती साहित्य : एका लोकप्रिय दाव्याचा प्रतिवाद

पावसाळा ओसरून सह्याद्रीतले कातळ सुकू लागले की क्लाइंबिंग करणाऱ्या तरुणांमध्ये एक युक्तिवाद दरवर्षी नव्याने फिरू लागतो. त्याचा आशय थोडक्यात असा : मानकाचा शिक्का असलेले हार्नेस (कमरेला आणि मांड्यांना बांधायचा पट्ट्यांचा साज), क्विकड्रॉ (दोर बोल्टला अडकवायची, दोन्ही टोकांना कडी असलेली छोटी पट्टी) आणि हँगर (कातळात ठोकलेल्या बोल्टवर बसणारा धातूचा कान) अकारण महाग असतात. मोटारीच्या सीट बेल्टचा पट्टा आणून ओळखीच्या शिंप्याकडून हार्नेस शिवून घेता येतो, फॅब्रिकेशनच्या दुकानात लोखंडी पट्टी वाकवून हँगर करता येतात आणि सुटे भाग जमवून क्विकड्रॉ घरी जोडता येतात. माणसाचे वजन सत्तर-ऐंशी किलो आणि या वस्तू पेलतात टनभर, त्यामुळे भीतीचे कारण नाही. शिवाय जुन्या मोठ्या आरोहकांनीही हेच केले होते. हे लिहिणाऱ्यांचा हेतू वाईट आहे असे मला वाटत नाही. पैशाअभावी कोणी कड्यापासून दूर राहू नये ही त्यांची तळमळ खरी आहे आणि ती माझीही आहे. पण या युक्तिवादातला एकेक मुद्दा तपासला तर तो कोणाच्या तरी जिवावर बेतू शकेल इतका चुकीचा आहे, म्हणून त्याला क्रमाने उत्तर देणे मला आवश्यक वाटते.

पहिला मुद्दा वजनाचा. कॅराबिनरच्या, म्हणजे उघडझाप होणारे फाटक असलेल्या धातूच्या कडीच्या, दांड्यावर २२ किलोन्यूटनसारखा आकडा कोरलेला असतो (एक किलोन्यूटन म्हणजे साधारण शंभर किलोचा भार). त्याचे ढोबळ रूपांतर सव्वादोन टन होते, आणि मग ऐंशी किलोच्या माणसाला एवढ्या ताकदीची गरजच काय, असा प्रश्न विचारला जातो. या प्रश्नात माणूस दोराला लटकलेला आहे असे गृहीत धरलेले असते. स्पोर्ट क्लाइंबिंगमध्ये, म्हणजे आधीच बोल्ट ठोकलेल्या मार्गावरच्या चढाईत, मात्र माणूस पडतो, पुन्हा चढतो आणि पुन्हा पडतो. अवघड मार्गावर एका दुपारी दहा-बारा वेळा पडणे ही सरावाची नेहमीची रीत आहे. पडणाऱ्या शरीराला थांबवताना किती बल लागेल हे वजनाइतकेच, किंबहुना वजनाहूनही अधिक, ते किती अंतरात थांबते यावर अवलंबून असते.

ऐंशी किलोचा आरोहक दोन मीटर पडला असे धरू. ताणला जाणारा डायनॅमिक रोप आणि खाली दोर सांभाळणारा, किंचित पुढे सरकणारा साथीदार म्हणजे बिलेअर यांनी मिळून त्याला एक मीटरच्या अंतरात थांबवले, तर सरासरी बल सुमारे २.४ किलोन्यूटन येते आणि शिखरबल त्याहून जास्त असले तरी शरीर ते सहज सोसते. तोच माणूस न ताणल्या जाणाऱ्या पट्ट्याने थेट अँकरला (कातळातल्या पक्क्या आधाराला) बांधलेला असेल, अँकरच्या वर चढून तेवढाच पडला आणि पाच सेंटिमीटरमध्ये थांबला, तर हेच सरासरी बल ३२ किलोन्यूटनपर्यंत जाते. वजन तेच आणि पडण्याचे अंतरही तेच आहे. बदलले ते फक्त थांबण्याचे अंतर. इतके बल येण्याआधी पट्टा, शिवण किंवा माणसाचा कणा, यांपैकी काहीतरी तुटलेले असेल. म्हणूनच डायनॅमिक रोपच्या युरोपीय मानकात ऐंशी किलो वजनाच्या पहिल्या पतनातले आघातबल १२ किलोन्यूटनच्या वर जाता कामा नये अशी अट आहे, आणि म्हणूनच रॅपलिंगसाठी, म्हणजे दोरावरून उतरण्यासाठी, घेतलेला न ताणला जाणारा स्टॅटिक रोप लीड करताना (दोर खालून वर नेत पुढे चढताना) वापरणे हा गंभीर प्रमाद मानला जातो. हार्डवेअरच्या दुकानातली रंगीत प्लास्टिकची दोरी तर विचारातही घेण्यासारखी नाही. ती बहुधा पॉलिप्रॉपिलीनची असते, उन्हाने कुजते आणि घर्षणाच्या उष्णतेने नायलॉनच्या कितीतरी आधी वितळते.

यात आणखी एक गोष्ट सहसा विसरली जाते. आरोहक पडतो तेव्हा सर्वांत वरच्या बोल्टवर दोन्ही बाजूंची ओढ एकत्र येते, एक आरोहकाची आणि दुसरी बिलेअरच्या बाजूच्या दोराची. कॅराबिनरवरचे घर्षण जमेस धरले तरी आरोहकाला जाणवणाऱ्या बलाच्या सुमारे दीडपटीहून अधिक बल त्या बोल्टवर येते.

दुसरा मुद्दा असा की आम्ही साहित्य तपासून पाहिले आहे, झाडाला बांधून तिघे जण लटकलो आणि काही झाले नाही. तीन जणांचे वजन सव्वादोनशे किलो धरले तरी ते सव्वादोन किलोन्यूटनच्या आसपास भरते. युरोपीय मानकानुसार हार्नेसला १५, शिवलेल्या स्लिंगला (पट्टीच्या फासाला) २२ आणि कातळात बसवायच्या अँकरला आडव्या ओढीत २५ किलोन्यूटन सोसावे लागतात. म्हणजे झाडाखालची ही चाचणी अँकरच्या कसोटीच्या दहाव्या हिश्श्यापर्यंतही पोहोचत नाही.

त्याहून मूलभूत अडचण अशी की एखाद्या वस्तूची ताकद ती तुटल्याशिवाय कळत नाही आणि तुटली की ती वापरता येत नाही. कारखाना काय करतो, तर एकाच पद्धतीने, एकाच मालातून शेकडो नग काढतो, त्यांतले काही तोडतो आणि आलेल्या आकड्यांच्या सरासरीतून तीन प्रमाण विचलने (आकडे सरासरीपासून किती विखुरले आहेत याचे माप) वजा करून उरेल तो आकडा वस्तूवर छापतो. निदान चांगले उत्पादक तरी असेच करतात. समजा, आपण वर्कशॉपमधून आणलेले पाच हँगर तोडले आणि १८, २६, १५, २४ व २१ किलोन्यूटन असे आकडे आले. सरासरी जवळजवळ २१ येते आणि ऐकायला ती बरी वाटते. पण हेच गणित लावल्यावर सहाव्या हँगरवर प्रामाणिकपणे लिहिता येईल असा आकडा साडेसात आहे. हाताने केलेल्या वस्तूंचा खरा दोष सरासरी ताकदीत नसून एका नगात आणि दुसऱ्यात पडणाऱ्या या फरकात असतो.

तिसरा मुद्दा सीट बेल्टच्या हार्नेसचा. सीट बेल्टची पट्टी स्वतः भक्कम असते, हे मान्य. परंतु ती एका मोठ्या अपघातासाठी बनवलेली असते आणि तसा अपघात झाल्यावर ती बदलायची असते. वारंवार पडणे, कातळावर घासणे आणि घामाने भिजणे हे तिचे काम नव्हे. शिवाय हार्नेस पट्टीवर टिकत नाही, तो शिवणीवर आणि बकलवर टिकतो. शिंप्याच्या यंत्रावरचा सुती किंवा साधा दोरा, पट्टीच्या आडव्या रुंदीभर मारलेली सरळ टीप, सुई जाड असल्यामुळे तुटलेले धागे, या सगळ्यांमुळे पट्टी नेमक्या शिवणीच्या रेषेवर, तिकिटावरच्या भोकांच्या ओळीप्रमाणे, कमकुवत होते. कारखान्यातल्या हार्नेसवर दाट नागमोडी टाक्यांचे छोटे आडवे पट्टे दिसतात ते याचसाठी. त्यांत किती टाके, कोणता दोरा आणि किती ताण हे ठरलेले असते. दोऱ्याचा रंग पट्टीहून वेगळा ठेवण्याची पद्धतही सौंदर्यासाठी पडलेली नाही, झिजलेला टाका नजरेला चटकन दिसावा एवढाच तिचा उद्देश आहे.

आणि झीज कोणाचीही गय करत नाही. २००६ साली कॅलिफोर्नियातल्या योसेमिटी खोऱ्यातल्या लीनिंग टॉवर या कड्यावर टॉड स्किनर हा अमेरिकेतला अत्यंत अनुभवी आरोहक दोरावरून उतरत असताना त्याच्या हार्नेसच्या पुढच्या बाजूचा, साधन अडकवायचा झिजलेला फास (बिले लूप) तुटला आणि तो मरण पावला. प्रमाणित कारखान्यात शिवलेल्या लूपची वापराने ही गत होऊ शकते, तर जिची मूळ ताकदच कोणाला माहीत नाही अशा शिवणीची झीज कोणत्या मापाने मोजणार?

चौथा मुद्दा हँगरचा आहे आणि मला सर्वांत जास्त चिंता याच मुद्द्याची वाटते. काही वर्षांपूर्वी पुणे जिल्ह्यातल्या एका कमी उंचीच्या कड्यावर आम्ही चढाई करत होतो. पहिल्या बोल्टखालच्या कातळावर तपकिरी ओघळ उतरलेला दिसला, म्हणून मी त्यावर भार न देता शेजारच्या भेगेत आधार लावला आणि हँगर जवळून पाहिला. लोखंडी पट्टी काटकोनात वाकवून तो केलेला होता. वाकाच्या बाहेरच्या अंगाला केसाएवढी बारीक चीर होती आणि तिच्यात गंज शिरला होता. कॅराबिनर अडकवायच्या भोकाची कड ड्रिल मारल्यानंतर घासलेलीच नव्हती. बोट फिरवल्यावर ती कातडीत रुतली. पाना लावून जेमतेम पाव फेरा दिला आणि बोल्ट भोकाच्या तोंडाशी तुटून हँगरसकट माझ्या हातात आला. ते कोणी बसवले होते हे तेव्हा कळले नाही, पुढेही कळले नाही. आमच्या आधी त्या हंगामात किती जण त्यावर लटकले असतील, हा विचार मात्र आजही मनातून जात नाही.

या एका तुकड्यात घरगुती हँगरचे जवळजवळ सगळे दोष एकत्र आले होते. थंड पट्टी लहान त्रिज्येत वाकवली की बाहेरचा पृष्ठभाग ताणला जाऊन चिरतो. भोकाची धारदार कड ॲल्युमिनियमच्या कॅराबिनरवर खाचा पाडते, आणि तेच कॅराबिनर पुढे दोराच्या बाजूला वापरले गेले तर त्या खाचा दोराचे आवरण सोलून काढतात. म्हणूनच क्विकड्रॉचे बोल्टकडचे आणि दोराकडचे कॅराबिनर कधीही अदलाबदल करायचे नाहीत असा नियम आहे. साधे पोलाद आपल्या पावसात चार महिने ओले राहते. पाणी बोल्टच्या भोकात मुरते आणि गंज नेमका तिथे वाढतो जिथे डोळा पोहोचत नाही. गंजू नये म्हणून कोणी साध्या बोल्टवर स्टेनलेस स्टीलचा हँगर लावतो, तेव्हा दोन धातूंच्या संपर्कामुळे आणि ओलाव्यामुळे तो साधा बोल्ट उलट अधिक वेगाने गंजतो. समुद्राजवळ तर चांगले स्टेनलेस स्टीलही भरवशाचे राहत नाही. थायलंडच्या रायले आणि टोनसाय येथील चुनखडीच्या कड्यांवर ते आतून तडकून अचानक तुटू लागले, तेव्हा तिथल्या लोकांना डिंकासारख्या रसायनाने बसवायच्या टायटॅनियमच्या बोल्टकडे वळावे लागले. कोकण किंवा गोव्याच्या किनारी कातळात भोक पाडण्याचा विचार करणाऱ्याने हे आधी ध्यानात घ्यावे.

घरचा हार्नेस घालणारा निदान स्वतःचा जीव पणाला लावतो. कड्यावर बोल्ट ठोकणारा मात्र अनोळखी माणसांचा जीव पणाला लावतो, आणि त्यांना त्याची कल्पनाही नसते. म्हणून घरगुती हँगरच्या बाबतीत कोणतीही सवलत द्यायला मी तयार नाही.

पाचवा मुद्दा क्विकड्रॉ घरी जोडण्याचा. तो लहान दिसतो, पण तसा नाही. क्विकड्रॉच्या पट्टीच्या एका टोकाला कॅराबिनर फिरू नये म्हणून रबरी पकड बसवतात. कॅराबिनर शिवलेल्या फासातून न जाता फक्त त्या रबरातून गेले, तरी बाहेरून क्विकड्रॉ व्यवस्थितच दिसतो, हाताने ओढला तर टिकतोही, आणि पहिल्या खऱ्या भाराला रबर तुटते. २०१३ साली फ्रान्समधील ऑर्पिएर येथे बारा वर्षांचा एक अतिशय गुणी इटालियन मुलगा नेमका असाच खाली आला आणि मरण पावला. त्या क्विकड्रॉचे कॅराबिनर चांगले होते, पट्ट्याही चांगल्या होत्या. चूक फक्त जोडणीत होती.

सहावा मुद्दा पूर्वसूरींचा. इथे तथ्य बरेच आहे आणि ते मी आदराने मान्य करतो. जॉन सालाथेने १९४०च्या दशकात योसेमिटीसाठी कणखर पोलादाच्या मेखा स्वतः घडवल्या. वेल्समधल्या स्नोडनच्या कड्यांवर जाणारे ब्रिटिश आरोहक पर्वतीय रेल्वेच्या रुळांलगत सापडणारे यंत्राचे नट दोरीत ओवून भेगांत अडकवत, आणि १९६१मध्ये जॉन ब्रेल्सफर्डने खास चढाईसाठी पहिला नट घडवला तो याच सवयीतून. रे जार्डिनचे भेगेत अडकवायचे, स्प्रिंगवर उघडझाप करणारे ‘फ्रेंड’ १९७८मध्ये बाजारात आले, त्याआधी ते वर्षानुवर्षे हातानेच घडत होते. पण सालाथे व्यवसायाने लोहार होता आणि जार्डिन अवकाशयान क्षेत्रातला अभियंता. त्यांनी घरी वस्तू बनवल्या त्या दुकानात मिळतच नव्हत्या म्हणून. मिळणाऱ्या वस्तूची स्वस्त नक्कल त्यांनी केली नाही. शिवाय त्या काळी ‘पुढच्याने पडायचे नाही’ हाच चढाईचा पहिला नियम होता आणि तो नियम साहित्यावरच्या अविश्वासातून आला होता. १८६५मध्ये मॅटरहॉर्नवरून उतरताना दोर तुटून सातांपैकी चौघे गेले, ती घटना विसरली गेली नव्हती. पडण्यालाच सरावाचा भाग मानणारा आजचा खेळ त्या काळच्या साहित्यावर उभा करता येत नाही.

राहिला पैशाचा प्रश्न, आणि तो खराच आहे. नव्याने शिकणाऱ्या विद्यार्थ्याला सगळे साहित्य एकदम घेणे परवडत नाही. परंतु सगळे एकदम लागतही नाही. सुरुवातीला स्वतःचे म्हणून हार्नेस आणि हेल्मेट पुरे. रोप, बिले डिव्हाइस (दोर रोखायचे साधन) आणि क्विकड्रॉ चार-पाच जणांनी मिळून घ्यावेत किंवा संस्थेचे वापरावेत, आणि पहिले वर्ष टॉप रोपवर, म्हणजे वरून आधार दिलेल्या दोरावर, काढावे. दोराचे वय आणि त्यावर झालेल्या मोठ्या पतनांची नोंद एका वहीत ठेवली तर सामाईक दोरही विश्वासाने वापरता येतो. अनोळखी माणसाकडून जुना हार्नेस किंवा दोर घेऊ नये. धातूच्या जुन्या वस्तू बारकाईने पाहून घेता येतात, कापडाच्या नाही.

आणि हाताला काम हवेच असेल तर घरी करण्यासारखे पुष्कळ आहे. हाताला लावायच्या पावडरीची पिशवी, म्हणजे चॉक बॅग, शिवावी. दोर मातीत लोळू नये म्हणून जुन्या ताडपत्रीची रोप बॅग करावी. बोटांच्या सरावासाठी लाकडी पट्टी घासून दाराच्या चौकटीवर बसवावी. या सगळ्यांत मला सर्वांत मोलाची वाटते ती काठी. बांबूच्या टोकाला घट्ट चिमटा बांधायचा, त्यात क्विकड्रॉचे वरचे कॅराबिनर फाटक उघडे राहील असे धरायचे, खालच्या कॅराबिनरमध्ये दोर आधीच घालून ठेवायचा आणि जमिनीवर उभे राहूनच पहिल्या बोल्टमध्ये ते अडकवायचे. खाली ओढले की चिमटा सुटतो आणि दोर वर राहतो. पहिल्या बोल्टपर्यंत पोहोचण्याआधी पडलेला माणूस थेट जमिनीवर येतो. ही काठी त्याचे ते पडणे टाळते, आणि ती तुटली, वाकली किंवा हातातून निसटली तरी तिच्यावर कोणाचाही भार नसतो.