व्हिसाकाका

"तू जरा गप्प बस, त्यांना बोलू दे." हे वाक्य आज आईने मला ऐकवलं. व्हिसा अर्ज केंद्राच्या भरल्या हॉलमध्ये, बायकोच्या देखत. आणि 'त्यांना' म्हणजे कोणाला, तर शेजारच्या खुर्चीवरच्या एका टोपीवाल्या गृहस्थांना, ज्यांचं नावसुद्धा आमच्यापैकी कुणी विचारलं नव्हतं. घरी आलो, चहा झाला, बायकोने "सोडून दे आता" असं सांगूनही झालं. सोडवत नाहीये.

आम्ही आठ जण पहिल्यांदाच परदेशी निघालोय. स्वित्झर्लंड आणि पॅरिस. मी, बायको, दादा, वहिनी, ताई, भाऊजी, आई आणि आत्या. आठही सज्ञान. बरोबर लहान मुलं असली की प्रवासाचे हाल होतात, असं जे म्हणतात त्यांनी आमच्या घरातले मोठे पाहिलेले नाहीत. मुलांना दरडावता येतं, आमिष दाखवता येतं, अगदीच झालं तर झोपवता येतं. शेंगेन व्हिसाचे, म्हणजे युरोपातल्या बऱ्याच देशांत मिळून चालणाऱ्या एका व्हिसाचे, नियमसुद्धा मुलांच्याच बाजूने आहेत. ६ वर्षांखालच्यांना फी नाही, १२ वर्षांखालच्यांना बोटांचे ठसे द्यावे लागत नाहीत. मोठ्यांना माणशी ९० युरो, दोन्ही हातांची सगळी बोटं, आणि त्याउपर प्रत्येकाचं स्वतंत्र मत.

मत विचारलं की मात्र कुणालाच नसतं. "मला काहीही चालेल" हे आमच्या ग्रुपवर सर्वांत जास्त वेळा टाइप झालेलं वाक्य आहे. ताईला काहीही चालतं, फक्त डोंगर नको. भाऊजींना काहीही चालतं, पण संग्रहालय म्हटलं की त्यांचे गुडघे दुखतात. दादाला खरोखरच काहीही चालतं, कारण तो मेसेज वाचतच नाही. रात्री साडेअकराला एकदम जागा होतो आणि विचारतो, "आपलं लंडन किती तारखेला आहे?" लंडन कुठेच नाही. कधीच नव्हतं.

यावरून आठवलं. शेंगेन हे लक्झेंबर्गमधल्या मोझेल नदीकाठच्या एका छोट्याशा गावाचं नाव आहे. तिथे १४ जून १९८५ रोजी पाच देशांचे प्रतिनिधी नदीतल्या एका बोटीवर जमले आणि आपापसातल्या सीमांवरची तपासणी हळूहळू बंद करायची, असं ठरवून त्यांनी सह्या केल्या. ज्यांच्यातल्या काहींनी एकमेकांशी दोन महायुद्धं केली, त्यांचंही जमलं. आमच्याकडे चार खोल्यांत कोणी कोणाबरोबर झोपायचं हे अजून ठरत नाहीये, कारण आत्या घोरते, आणि आत्या घोरते हे आत्याला मान्य नाही. अर्थात त्या करारानंतरही तपासणी प्रत्यक्ष बंद व्हायला १९९५ उजाडलं, म्हणजे दहा वर्षं गेली. तेवढाच मला धीर आहे.

तर नियोजन माझ्याकडे. ते कुणी मला दिलं नाही, ते माझ्या अंगावर राहिलं. मी एक एक्सेल शीट केली. तारीख, शहर, मुक्काम, गाडी, तिकीट आणि शेवटी 'शेरा' नावाचा रकाना. त्या रकान्यात मी जीव ओतलाय. काय कुठल्या वारी बंद असतं, कुठे आधी वेळ घ्यावी लागते, कोणत्या गाडीला आरक्षण लागतं, सगळं. लिंक ग्रुपवर टाकली. सात अंगठे आले. शीट किती जणांनी उघडली ते मी बघितलं नाही, काही गोष्टी माणसाने बघू नयेत.

एकट्या आत्याने विम्याचे कागद मात्र शब्दन् शब्द वाचले. शेंगेनसाठी किमान ३०,००० युरोंचं संरक्षण देणारा प्रवास विमा लागतो आणि त्यात मृत्यू झाल्यास पार्थिव मायदेशी आणण्याचा खर्चही धरलेला असावा लागतो. आत्याने ते कलम सगळ्यांना मोठ्याने वाचून दाखवलं आणि मला विचारलं, "म्हणजे मला खिडकीची जागा मिळणार नाही का?" हे तिने थट्टेत विचारलं की गंभीरपणे, ते मला अजून कळलेलं नाही.

आता आजचं. टोकन घेतलं, आठ फायली मांडीवर घेऊन बसलो, आणि टोपीवाले गृहस्थ आमच्याकडे वळले.

"कुठे?"

"स्वित्झर्लंड आणि पॅरिस," भाऊजी म्हणाले. ग्रुपवर भाऊजींनी या दोन नावांचा एकत्र उच्चार कधी केला नव्हता.

"रात्री किती?"

"सहा आणि चार."

गृहस्थांनी डोळे मिटले, नातेवाइकांना बाहेर पाठवण्याआधी डॉक्टर मिटतात तसे. "उलट हवं होतं," ते म्हणाले.

बस. एवढ्यावर ते काका झाले. ताईने खुर्ची सरकवली, वहिनीने पर्स मांडीवरून खाली ठेवली, दादाने चक्क फोन खिशात घातला.

"पॅरिसमध्ये मंगळवारी काय करताय?" काकांनी विचारलं. सगळ्यांनी माझ्याकडे पाहिलं. मी तोंड उघडणार तोच त्यांनी हात वर केला. "लूव्र संग्रहालय ठेवलं असेल तर विसरा. मंगळवारी लूव्र बंद!"

"अगं बाई!" वहिनी म्हणाली. "बरं झालं सांगितलंत. आम्हाला कुणी बोललंच नाही हे."

"वहिनी, लूव्र बुधवारी आहे," मी म्हणालो. "मंगळवारी बंद असतं म्हणूनच बुधवारी आहे. मंगळवारी ऑर्से संग्रहालय आहे, कारण ते सोमवारी बंद असतं. शेऱ्यात लिहिलंय."

"कोणाच्या शेऱ्यात?"

हीच वहिनी "सगळं बुधवारीच का कोंबलंयस?" म्हणून माझ्यावर आठवडाभर रुसली होती. तेव्हा मी हेच उत्तर दिलं होतं, याच शब्दांत. पण मी टोपी घातली नव्हती.

काका आईकडे वळले. "आजी, तुम्ही त्या युंगफ्राऊच्या डोंगरावर जाणार?"

"जाणार म्हणजे हा नेतोय," आई म्हणाली. तिने माझ्याकडे असं पाहिलं, जणू मी तिला तिथे ठेवून येणार आहे.

"वर हवाच नसते."

इथे मला राहवलं नाही. मी सांगितलं, की स्टेशन ३,४५४ मीटरवर आहे, तिथे हवेचा दाब समुद्रसपाटीच्या साधारण दोन-तृतीयांश असतो, १९१२ पासून तिथपर्यंत रेल्वे जाते, जगभरची म्हातारी माणसं जातात, हळू चालायचं, पाणी प्यायचं, दम लागला तर पुढच्या गाडीने खाली यायचं.

"म्हणजे एक-तृतीयांश नसतेच ना," काका शांतपणे म्हणाले.

याला काय उत्तर आहे? सगळ्यांनी मान हलवली. हिशेब बरोबर होता.

आता काकांना रंग चढला. "आणि मुख्य गोष्ट विसरलात. स्वित्झर्लंड युरोपियन युनियनमध्ये नाही. पॅरिससाठी वेगळा व्हिसा लागणार तुम्हाला."

आमच्या रांगेत शांतता पसरली. दादाने माझ्याकडे जे पाहिलं, तसं तो माझ्या बारावीच्या निकालानंतर पहिल्यांदाच पाहत होता.

"युनियनमध्ये नाही, पण शेंगेनमध्ये आहे," मी म्हणालो. आवाज जरा चढला असेल. "२००८ पासून आहे! एकाच व्हिसावर दोन्हीकडे..."

आणि तेव्हा आई ते वाक्य बोलली.

गळ्यात ओळखपत्र अडकवलेली एक मुलगी तेवढ्यात समोरून चालली होती. ताईने तिला थांबवून विचारलं. "एकच व्हिसा चालतो, मॅम," ती म्हणाली आणि निघून गेली. मला वाटलं, निदान आता तरी. काका हसले. "हल्लीच बदललं असेल," म्हणाले. "हे लोक रोज नियम बदलतात." आणि भाऊजी, दुसरे कुणी नव्हे, आमचे भाऊजी, त्यांना म्हणाले, "तुम्ही अपडेटेड असता हं पण!"

तरी इथवर नुसता माझा अपमान होत होता. खरा घोळ पुढे झाला. ताई म्हणाली, "मग करू या ना उलट. चार तिथे, सहा पॅरिसला." भाऊजींनी हात वर केला. वहिनीने केला. माझ्या बायकोने माझी नजर चुकवून अर्धा केला. इतके महिने ज्या घराचं न्याहारीच्या वेळेवर एकमत झालं नाही, ते टोकनच्या पाटीवर आमच्यापुढे दोनच नंबर उरलेले असताना कार्यक्रम उलटा करायला एकमुखाने तयार झालं.

मी शक्य तितक्या सावकाश सांगितलं. ज्या देशात मुक्काम जास्त, त्या देशाकडे अर्ज करायचा असतो. दोन्हीकडे सारखाच असेल तर जिथून आपण आत शिरणार, त्या देशाकडे. आपल्या सहा रात्री स्वित्झर्लंडमध्ये आहेत, म्हणून आपण स्विस अर्जांच्या रांगेत बसलोय. सहा रात्री पॅरिसला केल्या तर अर्ज फ्रान्सकडे जातो. मग हॉटेलं नवी, अर्ज नवे, पत्रं नवी, अपॉइंटमेंट नवी.

"मग त्यांना सांगायचंच नाही," दादा म्हणाला. व्हिसा अर्ज केंद्रात. त्याच्या नेहमीच्या आवाजात, ज्या आवाजात तो फोनवर बोलतो तेव्हा शेजारी खिडक्या लावून घेतात. दारातल्या सुरक्षारक्षकाने आमच्याकडे वळून पाहिलं.

आमचा नंबर लागला म्हणून निभावलं. पण ठसे देताना आईची बोटं यंत्राला दिसेनात. एकदा झालं, पुन्हा झालं, काउंटरवरचा मुलगा "जोरात दाबा आजी" म्हणत राहिला. मी तिचा हात धरून काच पुसली, तरी लाल दिवा तसाच. मागून आवाज आला, "आजी, तळव्याला बोटं घासून ऊब आणा आधी!" आईने घासली. हिरवा दिवा लागला. मी मागे वळून पाहिलं नाही. पाहायची गरजही नव्हती, टाळ्यांचा आवाज येत होता. एक टाळी माझ्या बायकोची होती.

निघताना आत्याने काकांना आदराने विचारलं, "तुमच्या किती वाऱ्या झाल्या युरोपच्या?"

"माझ्या? छे हो. मला विमान सोसत नाही. मी मेहुणीला सोडायला आलोय."

मी सगळ्यांच्या चेहऱ्याकडे पाहिलं. या क्षणाची मी सकाळपासून वाट पाहत होतो, असं म्हटलं तरी चालेल. भाऊजींनी एक दीर्घ श्वास घेतला. "न जाता एवढं माहीत!" ते म्हणाले. "गेले असते तर काय झालं असतं."

खरं सांगू? लूव्र आणि युंगफ्राऊ गेलं खड्ड्यात. आठ जणांचे अर्ज मी भरले. आठ पासपोर्टांवरची नावं एकेक अक्षर जुळवली. कुणाचा पासपोर्ट दहा वर्षांच्या आतला आहे, कुणाचा परतीनंतर तीन महिने टिकतोय, कुणाची दोन पानं कोरी आहेत, हे मी बघितलं. दादाने बँक स्टेटमेंटचं फक्त पहिलं पान पाठवलं, तेही आडवं. पस्तीस बाय पंचेचाळीस मिलिमीटरच्या फोटोत हसायचं नाही असं बजावलं, तर ताई म्हणाली, "मी हसले नाही, माझा चेहराच तसा आहे," आणि फोटो दुसऱ्यांदा काढून घ्यावा लागला. याबद्दल मला मिळालेलं एकमेव प्रशस्तिपत्र म्हणजे "तुला हौसच आहे ना असल्या गोष्टींची." हौस! राबणाऱ्याच्या कष्टाला हौस म्हटलं की आभार मानायचं काम उरत नाही. प्रत्येक घरात असा एक हौशी असतो, आणि तो सहलीच्या सगळ्या फोटोंत नसतो, कारण तो तिकिटाच्या रांगेत असतो.

संध्याकाळी फोन वाजला. दादाने काकांना ग्रुपमध्ये घेतलं होतं. नंबर त्याने 'व्हिसाकाका' म्हणून सेव्ह केला होता, त्यामुळे मलाही तसंच करावं लागलं. काकांनी सर्वांना नमस्कार केला आणि लिहिलं, "कार्यक्रमाचा तक्ता असेल तर पाठवा, नजरेखालून घालतो." दादाने लिंक पाठवली. ती लिंक दादाला सापडते, हे मला आजच कळलं.

तासाभराने मी शीट उघडली. काकांनी ती सगळी वाचली होती, शेऱ्यांसकट. माझ्या शेऱ्यांसमोर जागोजागी त्यांनी 'बरोबर', 'योग्य', 'छान' असं लिहिलं होतं. या कुटुंबात माझे शेरे वाचणारा पहिला माणूस कुटुंबातला नाही. एकाच ठिकाणी त्यांची सूचना होती. झुरिकहून पॅरिसची दुपारची गाडी आहे, तिथे त्यांनी लिहिलं होतं, "चार तासांचा प्रवास. सकाळची घ्या, अख्खी संध्याकाळ हाती राहील."

दुपारची गाडी मी घेतली ती आत्यासाठी. अकराच्या आत ती तयार होत नाही, यावर तिने मला दोन वेळा फोनवर सुनावलं होतं आणि एकदा रडलीसुद्धा होती. मी तसं काकांना लिहायला घेतलं, तोच ग्रुपवर आत्याचा मेसेज आला.

"सकाळचीच घ्या. काका म्हणतायत तर मी पाचला उठेन."