माडाचा नुसता खांब

रविवारी भाच्याबरोबर पणजीला कांपालला गेले होते. हा पठ्ठ्या आयफोन प्रो हातात धरून एका रेन ट्रीभोवती गोल गोल फिरतोय, वटपौर्णिमेच्या बायका परवडल्या. त्या फोनात लायडार असतो म्हणे, म्हणजे लेझर सोडायचा, तो खोडावर आपटून किती वेळात परत येतो त्यावरून अंतर काढायचं, असे हजारो ठिपके जमले की खोड तयार, घेरसुद्धा टेप न लावता मिळतो.

संध्याकाळी त्याने ते खोड एआरमध्ये, म्हणजे फोनातून बघितलं की समोरच असल्यासारखं, आमच्या हॉलात उभं केलं, खऱ्या मापाचं. सोफा गायब, शोकेस गायब. खरं सांगते, 20 वर्षं त्याच झाडाखाली स्कूटर लावतेय, पण ते एवढं जाड आहे हे मला घरात बसून कळलं!

आईने फोनात डोकावून विचारलं, "आनी पानां खंय?"

पानं नव्हतीच. फोनचा लेझर जेमतेम 5 मीटर जातो, वरचा सगळा पसारा कापलेला, पावसाआधी छाटणीवाले येऊन गेल्यासारखा. आणि रेन ट्री म्हणजे तर तो पसाराच ना, तिन्हीसांजेला पानं मिटून घेणारा. पेव्हरखाली गुदमरलेली मुळं तर कुठल्याच लेझरला दिसत नाहीत.

तरी मी या स्कॅनिंगच्या बाजूचीच आहे. मेलबर्नमध्ये पालिकेने झाडांना नंबर आणि ईमेल दिले, तक्रारी कळवायला, तर लोकांनी झाडांना चक्क प्रेमपत्रं लिहिली. आमच्याकडे खोडावर रंगाने नंबर पडला की पोटात गोळा येतो. म्हणून म्हणते, रस्ता खणायच्या आधी मोठ्या स्कॅनरने अख्खं झाड मोजा आणि ते सगळ्यांना बघायला ठेवा. नाहीतर प्रोजेक्टचे थ्रीडी व्हिडिओ आहेतच, त्यात झाडं पहिल्याच दिवशी दुमजली वाढलेली असतात आणि खाली एक पिवळं पान पडलेलं नसतं.

घरी आल्यावर भाच्याने परसातला माडही स्कॅन केला. आला नुसता खांब, ना चुडतं ना नारळ. 2016 मध्ये आपल्याकडे गोव्यात कायद्यानेच माडाला झाडांच्या यादीतून काढलं होतं, आठवतंय? फांद्या नाहीत म्हणे. नंतर परत घेतला म्हणा. आई म्हणाली तुमच्या फोनात नारळ नसले तर नसूंदे, नारळ काढणारा पाडेली गुरुवारी येतोय, त्याला दिसतात.