दिसामाजी काही तरी ते चुकावे

विचारवंत व्हायचं असेल, तर आपल्या गल्लीतल्या गटारावर कधी मत देऊ नका. गटार तुंबलंय म्हणालात आणि ते वाहत असलं, तर कोपऱ्यावरचा इस्त्रीवालासुद्धा तुम्हाला तोंडावर खोटं पाडेल. त्यापेक्षा जागतिक सत्तासमतोल, संस्कृतींचं भवितव्य, मानवजातीपुढचं आव्हान असलं काहीतरी धरा. ते खरं निघालं की खोटं, हे कळायला वीसेक वर्षं लागतात. तोवर तुमच्या नावाआधी 'ज्येष्ठ' लागलेलं असतं.

'पण माझं भाकीत चुकलं तर?' ही भीती आधी मनातून काढा. फिलिप टेटलॉक नावाच्या अमेरिकी मानसशास्त्रज्ञाने 284 तज्ज्ञांना गाठून वर्षानुवर्षं त्यांच्याकडून राजकीय भाकितं लिहून घेतली, 80 हजारांच्या वर. 2005 साली त्याने हिशेब छापला. निघालं असं, की साधे ठोकताळे बऱ्याच विद्वानांपेक्षा बरे, आणि ज्याला माध्यमांत जास्त मागणी त्याचा नेम जास्त चुकतो. भाबडी माणसं हे वाचून हळहळली. तुम्ही नीट वाचा. चुकल्याने मागणी घटत नाही, हे इथे पुराव्यानिशी सिद्ध झालंय. 'असंही होईल, तसंही होईल' म्हणणारे त्यातल्या त्यात बरोबर निघाले, पण त्यांना चॅनेलवाले पुन्हा फोन करत नाहीत.

आता तंत्राकडे वळू. सगळ्यात आधी प्रश्नचिन्ह वापरायला शिका. अमेरिकी राज्यशास्त्रज्ञ फ्रान्सिस फुकुयामा यांनी 1989 च्या उन्हाळ्यात इतिहास संपल्याचा, म्हणजे उदारमतवादी लोकशाहीच अखेर जिंकल्याचा, लेख लिहिला तेव्हा शीर्षकाच्या शेवटी प्रश्नचिन्ह होतं. नोव्हेंबरात बर्लिनची भिंत पडली आणि लेखाचं सोनं झालं. 1992 साली पुस्तक आलं, त्यात प्रश्नचिन्ह गळालेलं. दुसरे राज्यशास्त्रज्ञ सॅम्युएल हंटिंग्टन, त्यांचंही तेच. 1993 साली 'फॉरिन अफेअर्स' या अमेरिकी नियतकालिकात संस्कृतींच्या संघर्षापुढे प्रश्नचिन्ह, 1996 च्या पुस्तकात नाही. लेखात ते असावं, म्हणजे कोणी अंगावर आलं तर 'मी फक्त विचारलं होतं' म्हणता येतं. पुस्तकावर नसावं, कारण पैसे देऊन कोणी शंका विकत घेत नाही.

त्या 1993 च्या अंकापाशी जरा थांबा, असा नमुना पुन्हा मिळायचा नाही. हंटिंग्टन त्यात लिहितात, की संस्कृती हाच निकष धरला तर रशियन आणि युक्रेनियन यांच्यात हिंसाचाराची शक्यता कमी. दोघेही स्लाव, दोघेही बहुतांशी ऑर्थोडॉक्स, शतकानुशतकांचा शेजार. हा लेख संपतो आणि लगेच पुढचा सुरू होतो तो जॉन मिअरशायमर या आणखी एका राज्यशास्त्रज्ञाचा: रशियाचा भरवसा नाही, युक्रेनने अण्वस्त्रं हातची सोडू नयेत. एकाच अंकात, पाठीला पाठ लावून! दाद द्यायची तर संपादकाला द्या, काहीही घडलं तरी तो बरोबरच. युक्रेनने 1994 च्या डिसेंबरात बुडापेस्टला सही करून अण्वस्त्रं सोडली. त्याच्या सीमांचा मान राखू, असं अमेरिका, ब्रिटन आणि रशियाने लिहून दिलं. पुढे 2014 मध्ये युक्रेनचा क्रायमिया रशियाकडे गेला आणि 2022 मध्ये रणगाडे कीव्हच्या वेशीवर आले. म्हणजे मिअरशायमर बरोबर ठरले म्हणायचे, तर 2014 साली त्यांनीच त्याच नियतकालिकात लिहिलं की या संकटाचा दोष पाश्चिमात्यांचा. सिद्धान्त तोच, फक्त बोट दुसरीकडे. (बरोबर ठरल्यावरसुद्धा माणसाला स्वस्थ बसवत नाही, असा हा व्यवसाय.)

एवढं वाचायला वेळ नसेल तर खाण्याच्या पदार्थावर सिद्धान्त काढा. त्याला प्राध्यापक असण्याचीही गरज नाही. स्तंभलेखक थॉमस फ्रीडमन यांनी 1996 साली मांडलं, की ज्या दोन देशांत मॅकडोनाल्ड आहे ते एकमेकांशी लढत नाहीत. 1999 साली नाटोची विमानं युगोस्लावियाच्या राजधानीवर, बेलग्रेडवर, बॉम्ब टाकायला आली, तिथे मॅकडोनाल्ड 1988 पासून होतं. त्याच उन्हाळ्यात कारगिल झालं. दिल्ली-मुंबईत 1996 पासून बर्गर मिळत होता, लाहोरात 1998 पासून. द्रास-बटालिकच्या कड्यांवर तो पोचत नव्हता, एवढीच काय ती पळवाट. फ्रीडमन डगमगले नाहीत. 2005 साली त्यांनी बर्गरच्या जागी डेल कंपनीच्या सुट्या भागांची साखळी आणली आणि सिद्धान्त पुढे चालू.

आकडा असेल तर फारच उत्तम, आणि त्याला दशांश चिन्ह हवं. कार्मेन राइनहार्ट आणि हार्वर्डचे केनेथ रोगॉफ या अर्थतज्ज्ञांनी 2010 साली दाखवलं, की सरकारी कर्ज राष्ट्रीय उत्पन्नाच्या 90 टक्क्यांवर गेलं की सरासरी वाढ उणे 0.1 टक्का होते. ब्रिटनचे अर्थमंत्री जॉर्ज ऑस्बर्न, युरोपीय आयोगाचे ओली रेन, सगळ्यांनी हा दाखला खिशात घातला. काटकसरीची हवा होतीच, तिला हार्वर्डचा शिक्का मिळाला. 2013 साली मॅसॅच्युसेट्स विद्यापीठातल्या एका विद्यार्थ्याने ती एक्सेलची फाइल मागवली. सरासरीच्या सूत्रात पाच ओळी घ्यायच्याच राहिल्या होत्या: ऑस्ट्रेलिया, ऑस्ट्रिया, बेल्जियम, कॅनडा, डेन्मार्क. वर्णानुक्रमाने पहिले पाच! शिवाय काही वर्षं गाळलेली, सरासरी काढायची रीतही अजब. सगळं दुरुस्त केल्यावर आकडा आला अधिक 2.2. तोवर ग्रीसमध्ये पेन्शनला कात्री लागून झाली होती. प्राध्यापकांनी ओळींची चूक कबूल केली, निष्कर्ष सोडला नाही. तुम्हीही सोडू नका.

माफी मागायची वेळ आलीच, तर एकट्याने मागू नये. नोव्हेंबर 2008 मध्ये राणी एलिझाबेथ लंडन स्कूल ऑफ इकॉनॉमिक्समध्ये गेल्या आणि त्यांनी साधा प्रश्न विचारला, की एवढं मोठं आर्थिक संकट कोणालाच कसं दिसलं नाही? ब्रिटिश अकादमीने परिसंवाद भरवून 2009 च्या जुलैत लेखी उत्तर दिलं. सार असं, की अनेक बुद्धिमान लोकांची सामूहिक कल्पनाशक्ती कमी पडली. बघा, चूक सांगतानाही बुद्धिमत्तेचं प्रमाणपत्र त्याच कागदावर! 'आम्ही चुकलो' पेक्षा हे किती भारदस्त.

आणि आता या विद्येतली शेवटची पायरी: चूक अशी करा की तिचा खर्च तिसऱ्याच्या खात्यावर पडेल. इथे गुरू एकच, स्टॅनफर्डचे पॉल एर्लिक. फुलपाखरांचे मोठे अभ्यासक. दिल्लीत एका उकाड्याच्या रात्री टॅक्सीतून जाताना त्यांना रस्त्यावर माणसंच माणसं दिसली. (तेव्हा पॅरिस दिल्लीहून कितीतरी मोठं होतं, पण तिथल्या गर्दीला रौनक म्हणतात.) 1968 साली त्यांनी जगाला बजावलं की लोकसंख्येच्या भारामुळे 1970 च्या दशकात कोट्यवधी माणसं उपासमारीने मरणार, आता काही केलं तरी. 1980 साली अर्थतज्ज्ञ ज्युलियन सायमन यांनी त्यांच्याशी पैज लावली: तांबं, क्रोमियम, निकेल, कथिल, टंगस्टन, दहा वर्षांत टंचाईने महागतात की स्वस्त होतात बोला. 1990 मध्ये एर्लिक यांच्याकडून टपालाने धनादेश आला, 576 डॉलर 7 सेंटचा. त्याच 1990 साली त्यांना मॅकआर्थर फेलोशिप मिळाली आणि क्राफूर्ड पारितोषिकही.

हा झाला त्यांचा खर्च. बाकीचा खर्च कुठे पडला ते पाहू. सगळं खापर एकट्या एर्लिक यांच्या डोक्यावर फोडू नये, तेव्हा देणगीदार, बँका आणि आपले नियोजनकार एकाच सुरात गात होते. 1976-77 या एका वर्षात भारतात 80 लाखांवर नसबंदीच्या शस्त्रक्रिया झाल्या. नोव्हेंबर 1976 मध्ये हरियाणातल्या उटावर गावाला पोलिसांनी वेढा घातला आणि पुरुषांना उचलून नेलं. महाराष्ट्र मागे कसा राहील? आपल्या विधिमंडळाने त्याच वर्षी तीन मुलांनंतर सक्तीच्या नसबंदीचं विधेयक मंजूर केलं. राष्ट्रपतींची संमती आली नाही म्हणून वाचलो. चीनला राष्ट्रपतींच्या सहीची अडचण नव्हती. तिथे सॉन्ग ज्येन नावाच्या क्षेपणास्त्र-शास्त्रज्ञाने माणसांचं गणित मांडलं आणि 1980 साली एका मुलावर शिक्कामोर्तब झालं. 2021 मध्ये तिसऱ्याला परवानगी मिळाली, आणि 2022 मध्ये लोकसंख्या घटली.

म्हणून जुनी टाचणं रद्दीत घालू नका. 2019-21 च्या पाहणीत महाराष्ट्राचा जननदर बाईमागे 1.7 मुलांवर आलाय, आणि 2024 मध्ये आंध्रचे मुख्यमंत्री जास्त मुलं होऊ द्या म्हणून लोकांना सांगू लागले. 'वाढत्या' खोडून 'घटत्या' करा, आव तोच ठेवा, आवाज थोडा वर. शाल-श्रीफळ ठरलेलं आहे. फक्त निमंत्रण हरियाणातून आलं, तर हो म्हणायच्या आधी गाव कोणतं ते विचारून घ्या.