नीळ्ळू वच्चाई

आमच्या घरात आज तारीख काय, असं कुणी विचारत नाही. "पाण्याचा कितवा दिवस?" असं विचारतात. नळाला पाणी आलं तो पहिला दिवस. त्या दिवशी आम्ही राजे. अंगणात सडा, जिन्याला पोछा, मला डोक्यावरून अंघोळ. तिसऱ्या दिवशी बायकोच्या आवाजाची पट्टी बदलते. चौथ्या दिवशी कमी भांडी पडतील असा स्वयंपाक होतो. आणि पाचव्या दिवशी पाहुणा आलाच, तर त्याला चहा विचारतात, पण हातपाय धुता का, असं चुकूनही विचारत नाहीत. उजनीहून शंभरेक किलोमीटर पाइपातनं येणारं पाणी, दमणारच की, असं माझी आई म्हणते. तिचा पाण्यावर राग नाही. राग आहे तो नळ उघडा ठेवून दात घासणाऱ्या माझ्यावर.

स्वयंपाकघरातल्या कॅलेंडरवर बायको पाण्याची नोंद ठेवते. चौकोनात 'पा' आणि त्याखाली वेळ. पोरांचे पराक्रमही त्याच चौकोनांत जातात, कारण दुसरी वही घेतली की थोरला तिची विमानं करतो. त्यामुळं 'पा. रात्री 3.10. धाकटी जिना चढली' अशी नोंद सापडते आणि पोरगी रात्री तीनला जिना का चढत होती, असा प्रश्न पडतो. चढत होती हे खरं आहे. पाणी आलं की आमच्याकडं कुणीच झोपलेलं नसतं.

या उन्हाळ्यात धाकटी अडीच वर्षांची झाली आणि मुंबईहून माझ्या बहिणीचा फोन आला. "वैनी, अजून डायपर? अगं, तीन दिवसांत सुटतं. नुसतं मोकळं सोडायचं, दर वीस मिनिटांनी विचारायचं, बसवायचं. चौथ्या दिवशी पोरगी स्वतः सांगते." बहिणीच्या मजल्यावर चोवीस तास पाणी आहे, हे तिनं सांगितलं नाही आणि आम्हीही विचारलं नाही.

बायको म्हणाली, "मे महिना बरा. सोलापुरात धुतलेलं दहा मिनिटांत वाळतं."

"वाळतं," मी म्हणालो, "पण धुवायचं कशानं?"

यावर ती जे बोलली नाही ते मला नीट ऐकू आलं.

शेवटी असं ठरलं, की तीन दिवसांची मोहीम दोन पाण्यांच्या मध्ये बसवायची. पाणी आल्याबरोबर पहिल्या दिवशी सुरुवात, तिसऱ्या दिवशी विजय, चौथा-पाचवा दिवस राखीव. कागदावर बघायला फार छान दिसत होतं. यात कूलर धरला नव्हता. बाहेर 43 अंश, हवा कोरडी ठणठणीत, अशा हवेत कूलर झकास चालतो. पण त्याच्या जाळ्यांतून वारा गार होतो तो पाणी उडवूनच. दिवसाला तीन बादल्या तो एकटा पितो. घरातला सगळ्यात तहानलेला माणूस म्हणजे कूलर, आणि दुपारी त्याच्यासमोर लोळणारे आम्ही त्याला नाही म्हणू शकत नाही. फरशी पुसायची की कूलर भरायचा, हा प्रश्न दर दुपारी मताला टाकला जायचा. आई, थोरला आणि मी कूलरच्या बाजूनं. बायको एकटी फरशीच्या बाजूनं. फरशी पुसली जायची.

टॉवेलची मात्र ददात नव्हती. आम्ही राहतो पूर्व भागात, भिंतीला भिंत लागून तेलुगू बोलणाऱ्या अक्कांचे यंत्रमाग. दिवसभर खडाक्-खडाक् चालू असतं; ते बंद पडलं की आमची झोपमोड होते. विणीत चूक राहिलेले टॉवेल अक्का आम्हाला किलोवर देतात. सोलापूरच्या टेरी टॉवेलला भौगोलिक मानांकन आहे, चादरीला आहे. त्या मानांकनाचा इतका कसून वापर आमच्या धाकटीइतका कुणी केला नसेल. पहिल्या दिवशी दुपारी चारपर्यंत अकरा टॉवेल. गच्चीवरच्या दोरीवर ते एका ओळीत वाळत घातले तेव्हा एखादं दुकान मांडल्यासारखं दिसत होतं. खालून जाणाऱ्या एका माणसानं भावही विचारला.

आता खरी गोम आवाजात होती. पोरांना बसवलं की आपल्याकडं तोंडानं 'शूऽऽ' करतात. आईनं ते काम अंगावर घेतलं. ती लाल पॉटीसमोर पाटावर बसायची आणि इतक्या मनापासून 'शूऽऽ' करायची की मलाच दोनदा उठून जावं लागलं. धाकटी आज्जीच्या तोंडाकडं कौतुकानं बघत राहायची. कोरडी. पॉटीवरून उठवली, चार पावलं गेली, की फरशीवर तळं.

आमच्या नळाला पाणी यायच्या आधी हवा येते. सूंऽऽ, मग घर्र, मग एक गढूळ चूळ आणि मग पाणी. म्हणजे नळ आणि आज्जी एकच भाषा बोलतात. शिवाय सूं ऐकू आलं रे आलं की आमची गल्ली तीन भाषांत जागी होते. आई ओरडते, "पाणी आलं!" वरच्या मजल्यावरचे कलबुर्गीचे भाडेकरू, "नीरू बंतू!" आणि या दोघांच्या वर, मागांच्या खडखडाटावर मात करायची सवय झालेला अक्कांचा गळा, "नीळ्ळू वच्चाई!" हे ऐकून मेलेला माणूसही घागर घेऊन उठेल.

मोहिमेच्या दुसऱ्या दिवशी दुपारी धाकटी कूलरपुढं उभी होती. पायांखाली तळं पसरत होतं. तिनं खाली बघितलं, दोन्ही हात वर केले आणि अक्कांच्या सुरात आरोळी ठोकली, "नीळ्ळू वच्चाई!"

आई घागर घेऊन धावली.

धाकटीचं पहिलं सबंध वाक्य ते. कर्ता, क्रियापद, सगळं जागच्या जागी. घरात तेलुगू कुणालाच येत नाही. बायकोनं कॅलेंडरवर लिहिलं, 'पहिलं वाक्य (अक्कांचं)'. अक्कांना सांगितलं तर त्यांना इतका आनंद झाला की दोन टॉवेल फुकट दिले. अडचण एवढीच होती की पोरगी बातमी घटनेनंतर द्यायची. आधी नीळ्ळू, मग वच्चाई.

थोरल्याकडं या सगळ्यात कुणाचं लक्ष नव्हतं, त्यामुळं त्याची प्रगती झपाट्यानं झाली. सायकल तो होम मैदानावर शिकला. जानेवारीत सिद्धेश्वरांच्या गड्ड्याच्या जत्रेला तिथं पाळणे असतात, पाय ठेवायला जागा नसते. मेमध्ये सकाळी सहाला नुसती धूळ आणि चार क्रिकेटवाले. मी मागनं सीट धरून पळत होतो. पळता पळता बायकोचा फोन आला (सतरावा टॉवेल), मी सीट सोडून फोन घेतला, बोलणं संपवून बघतो तर पोरगं तिकडं टोकाला पोचलेलं. फोन त्याच्या शिकण्यासाठीच आला होता असं मी नंतर सांगितलं. कुणी मानलं नाही.

दात पडला तो पाण्याचा चौथा दिवस. चौथ्या दिवशी आमच्याकडं कडक भाकरी असते, कारण ती महिनोन् महिने टिकते, डब्यातून काढून शेंगाच्या आमटीत चुरायची, तवा नको, परात नको. थोरल्याला चुरायचा कंटाळा. त्यानं ती तशीच पापडासारखी फोडली आणि एकाच वेळी दोन आवाज झाले. दात आमटीत गेला. आईनं पळीनं ढवळून काढला. तिखट लागलं म्हणून तो आधी पाण्यानं धुवावा की नाही यावर थोडी चर्चा झाली, मग पदरानंच पुसला. पडलेला दात कौलावर टाकायचा असतो, पण आमच्यावर स्लॅब. शेवटी अक्कांच्या पत्र्यावर टाकायचं ठरलं. थोरल्यानं डोळे मिटून फेकला. टण्ण वाजला, घरंगळला, पन्हाळीत अडकला. तो अजून तिथंच आहे. पावसाळ्यात पन्हाळ तुंबली तर मी काही बोलणार नाहीये.

मेच्या दुसऱ्या आठवड्यात त्यानं शून्य सावलीचा हट्ट धरला. त्याला कुणीतरी सांगितलं होतं, की सोलापुरात वर्षातून दोन दिवस असे येतात, जेव्हा भर दुपारी सूर्य बरोबर डोक्यावर येतो आणि सावली पायाखाली गडप होते. खरं आहे ते. कर्कवृत्ताकडं वर जाताना एकदा, आणि परत फिरताना ऑगस्टच्या सुरुवातीला एकदा. पण तेव्हा ढग असतात. म्हणजे संधी एकच. आणि ती बाराला नाही, 12 वाजून 23 मिनिटांना, कारण आपलं घड्याळ पार तिकडं मिर्झापूरजवळच्या रेषेवर लावलेलं, सूर्य तिथनं आपल्याकडं पोचेपर्यंत उशीर होतो. हे मी त्याला समजावत होतो तेव्हा आई म्हणाली, "पोरांना उन्हात कशाला नेलालास बे? भाजून निघतील." मी चपला घातल्या, पोरांना घातल्या, डोक्याला ओले टॉवेल गुंडाळले आणि गच्चीवर गेलो.

थोरल्यानं स्टीलचा पेला उपडा ठेवला. आम्ही तिघं वाकून बघत होतो. पेल्याची सावली काठाशी नखाएवढी उरलेली, मग कोरीएवढी, मग नाहीच. पेला हवेत चिकटवल्यासारखा दिसायला लागला. "पप्पा, गेली! गेली ओ!" थोरला नाचत होता. त्याच क्षणी शेजारून आरोळी आली, "नीळ्ळू वच्चाई!" मी वळून बघितलं. तळं होतं. पॉटी आणावी म्हणून जिन्यापर्यंत गेलो, परत आलो, तर स्लॅबवर काही नव्हतं. डागसुद्धा नाही. एका मिनिटात सावली गेली आणि तळंही गेलं, आणि मोहिमेतला पहिला असा प्रसंग आला ज्याला टॉवेल लागला नाही. ट्रेनिंगचं उरलेलं काम गच्चीवरच करावं, असं मी सुचवलं. बायकोनं कॅलेंडरवर फक्त 'सावली' असं लिहिलं.

तीन दिवसांची मोहीम अशी वीस दिवस चालली. म्हणजे बरोबर चार पाणी.

शेवटच्या रात्री आम्ही नेहमीसारखे गच्चीवर झोपलो होतो. खाली सोलापुरी चादर. उन्हाळ्यात ती पांघरायची नाही, अंथरायची. कोरडी असतानाच पोराएवढी जड असते; ओली झाली तर पिळायला दोन माणसं आणि एक पूर्ण टाकी लागते, म्हणून धाकटीला रोज तिच्या टॉवेलांच्या गादीवर वेगळं झोपवायचो, उशाशी लाल पॉटी. पाण्याचा पाचवा दिवस संपत आलेला. माग बंद होते, वारा पडला होता.

अडीचच्या सुमारास कानाशीच आरोळी आली.

"नीळ्ळू वच्चाई!"

मी उठलो तो थेट जिन्यात. मागं बायको, तिच्यामागं आई, दोन घागरी, एक टब. थोरला नळी घेऊन. वर कलबुर्गीवाले "नीरू बंतू, नीरू बंतू" करत बादल्या आपटायला लागले. समोरच्या चाळीत दिवे लागले. कुणीतरी मोटार सुरू केली, मग दुसऱ्यानं, तिसऱ्यानं. सगळ्या मोटारी कोरड्या घशानं ओरडायला लागल्या. मी नळाखाली बादली लावून तोटी पूर्ण उघडली. सूं नाही. घर्र नाही. मी तोटीला कान लावला. आतमध्ये भर दुपारच्या गच्चीसारखं सामसूम.

बायकोनं माझ्याकडं बघितलं. मग वर जिन्याकडं बघितलं. घागर तिथंच टाकून ती पळाली.

चादर कोरडी होती. टॉवेल कोरडे होते. गच्चीच्या कोपऱ्यात धाकटी लाल पॉटीवर एकटीच बसली होती, गुडघ्यांवर हात ठेवून, आणि गल्लीतला गोंधळ ऐकत होती. "झाली," ती म्हणाली.

अक्का घागर कमरेला लावून कठड्यापाशी आल्या. केस सुटलेले, डोळ्यांत झोप.

"नीळ्ळू एक्कड?" त्यांनी विचारलं.

मी पॉटीकडं बोट दाखवलं.