आठ वर्षांचा रोप, 'फक्त रॅपलिंग' आणि पडलेला कॅराबिनर: प्रतिक्रियेला उत्तर

नमस्कार. गिर्यारोहणाच्या रोप आणि सामानाच्या देखभालीवरच्या माझ्या लेखावर तुम्ही लिहिलंय: "दहा वर्षांनी रोप बाद करा, हे कंपन्यांचं विक्रीचं गणित आहे. आमचा रोप आठ वर्षांचा आहे, अजून नव्यासारखा दिसतो. आम्ही फक्त रॅपलिंग करतो, फॉल कुणी घेत नाही. आणि कंबरेच्या उंचीवरून पडलेला कॅराबिनर बाद करायचा असेल तर दर मोहिमेला नवे घ्यावे लागतील."

कॅराबिनरबद्दल, म्हणजे रोप अडकवायच्या धातूच्या कडीबद्दल, तुमचं म्हणणं बरोबर आहे. लेखातलं 'पडलेला कॅराबिनर बाद करा' हे वाक्य चुकीचं होतं, आता बदललं आहे. पडल्यामुळे ॲल्युमिनियमच्या आत न दिसणाऱ्या भेगा पडतात, ही समजूत ओढून तोडायच्या चाचण्यांत टिकलेली नाही. कंबरेच्या उंचीवरून मातीत पडला तर उचलून तपासा: गेट (कडीचा उघडणारा दांडा) स्प्रिंगच्या जोरावर पूर्ण मिटतं का, गेटचं टोक खाचेत सरळ बसतं का, रिव्हेट हलतो का, कडेला खोच आली आहे का. सगळं ठीक असेल तर वापरा. नागफणीच्या कड्यावरून खाली खडकावर आपटत गेलेला मात्र परत सामानात लावू नका. रोप घासून पडलेली चर १ मिमीपेक्षा खोल असेल तरीही तो बाद. त्या चरीला धार येते आणि ती पुढचा रोप खाते.

रोपाबद्दल मात्र मी मागे हटणार नाही. दहा वर्षं ही कमाल मर्यादा आहे, हमी नव्हे. सामान बनवणारी पेट्झल कंपनी कापडी आणि प्लास्टिकच्या वस्तूंना निर्मितीपासून १० वर्षं देते. मामुट या दुसऱ्या कंपनीचा तक्ता वापरावर चालतो: वर्षातून एकदोनदा वापर असेल तर ७ वर्षं, महिन्यातून एकदा असेल तर ५, महिन्यातून अनेकदा असेल तर ३, दर आठवड्याला असेल तर १. तुमचा ग्रुप पावसाळ्यात दर शनिवार-रविवारी कॅम्प घेत असेल, तर आठ वर्षांचा हिशोब कुठल्या ओळीत बसतो ते तुम्हीच पाहा.

'नव्यासारखा दिसतो' हा पुरावा नाही, कारण रोपाचा सर्वांत वाईट शत्रू डाग ठेवत नाही. नायलॉनला ॲसिड खातं. आपल्याकडे ग्रुपचं सामान बहुतेक कुणाच्या तरी घरी असतं: माळ्यावर, जिन्याखाली, नेमकं इन्व्हर्टरच्या बॅटरीशेजारी. नाहीतर जीपच्या डिकीत, जिथे कधीकाळी बॅटरी ठेवलेली असते, किंवा फरशी धुवायच्या ॲसिडच्या बाटलीजवळ. सल्फ्युरिक ॲसिडचा थोडासा संपर्कही पुरतो. वरून काहीही न दिसता आतले धागे कमजोर झालेले असू शकतात. असा संपर्क झाल्याची नुसती शंका आली तरी तो रोप गेला असं समजा.

आता 'फक्त रॅपलिंग', म्हणजे रोपवरून कड्याखाली उतरणं. टॉड स्किनर हा नामवंत अमेरिकी क्लाइंबर २००६ मध्ये योसेमिटीत रॅपल करतानाच गेला. त्याच्या हार्नेसचा (कंबरेला बांधायच्या पट्ट्याचा) झिजलेला बिले लूप, म्हणजे पुढचा कापडी फास, तुटला. झीज आधीच लक्षात आली होती. फॉल (रोपवर पडणं) नाही म्हणजे झीज नाही, असं होत नाही. उलट आपल्या बेसॉल्टवर कड्याच्या ओठाशी रोप एकाच जागी दिवसभर घासतो. तिथे गोणपाट किंवा जाड कॅनव्हास टाका. फिगर ऑफ एट या आठच्या आकाराच्या डिसेंडरवर (उतरायच्या साधनावर) भरभर उतरलं की तो तापतो आणि शीथवर, म्हणजे रोपाच्या बाहेरच्या विणीवर, चकचकीत, कडक पट्टा उमटतो. तो वितळलेला नायलॉन असतो. भिवपुरीसारख्या धबधब्यावर चिखल आणि बारीक रेती विणीत शिरते आणि प्रत्येक ताणाला आतून धागे कापत राहते.

म्हणून रोप धुवायचाच. साध्या किंवा कोमट पाण्यात, ३० अंशांच्या आत, सौम्य साबणाने, पाणी नितळ येईपर्यंत. ब्लीच आणि कपड्यांची कडक पावडर नको. मग सैल वेटोळी तीन-चार खुंट्यांवर पसरून पंख्याखाली वाळवा. जुलैत याला चार दिवसही लागतात, घाई करू नका. गॅसजवळ नाही, उन्हातही नाही. ओल्या नायलॉनची ताकद कमी असते. वाळल्यावर ती बरीचशी परत येते. पण दमट रोप प्लास्टिकच्या पिशवीत बांधून पत्र्याच्या पेटीत ठेवला, तर त्याला कुबट वास येतो आणि कॅराबिनरच्या स्टीलच्या पिना गंजतात. सुती पिशवी, सगळ्या गाठी सोडलेल्या, जमिनीपासून उंच आणि उंदीर पोचणार नाहीत अशी जागा. कॅराबिनरच्या गेटला मशीनचं तेल देऊ नका, धूळ चिकटते. कोरडं सिलिकॉन किंवा ग्रॅफाइट द्या आणि जास्तीचं पुसून टाका.

तपासणी हाताने, मोहिमेआधी आणि नंतर. टोकापासून टोकापर्यंत एकेक फूट बोटांतून सरकवा आणि दर फुटाला छोटा फास वाकवून पाहा. फास गोल राहण्याऐवजी एके ठिकाणी मुडपून चपटा होत असेल, तर तिथे कोअर, म्हणजे रोपाचा आतला गाभा, दुखावलेला आहे. मऊ पोकळ जागा, फुगीर गाठीसारखा भाग, शीथमधून डोकावणारा पांढरा कोअर, यातलं काहीही मधल्या भागात सापडलं तर रोप बाद. टोकाजवळ असेल तर तेवढं कापता येतं, पण मग मधली खूण नव्याने करा आणि नवी लांबी पिशवीवर ठळक लिहा. ६० मीटर समजून ५५ मीटरचा रोप खाली सोडणं जीवघेणं आहे. शेवटाला गाठ तरीही मारायचीच.

हार्नेसचं थोडक्यात: बिले लूप आणि टाय-इन पॉइंट (रोप बांधायच्या जागा) उलटसुलट करून पाहा. शिवणीचे धागे तुटलेले असतील, किंवा आतला वेगळ्या रंगाचा धागा दिसू लागला असेल, तर बाद. सुळक्यांवर आधीच सोडलेल्या, उन्हाने फिक्या पडलेल्या स्लिंगवर (कापडी पट्ट्यांच्या फासांवर) भार देऊ नका. स्वतःची नवी लावा.

वर्गणीवर चालणाऱ्या ग्रुपला नवा रोप जड जातो, हे मला पूर्ण मान्य आहे. म्हणूनच नोंदवही ठेवा. प्रत्येक रोपाला क्रमांक, निर्मितीचं वर्ष, पहिल्या वापराची तारीख, प्रत्येक मोहिमेनंतर एक ओळ: किती जण उतरले, पाऊस होता का, कुठे घासला, कुणी तपासला. निर्मितीचं वर्ष बऱ्याच रोपांच्या टोकाच्या पट्टीवर किंवा कोअरमधल्या फितीवर छापलेलं असतं. अशी वही असेल तर चांगला रोप उगाच फेकावा लागत नाही. तुमच्या रोपाची अशी वही असेल तर ती पाहून पुढचं बोलू. नसेल आणि आठ वर्षांत तो कुठे ठेवला होता हे नक्की सांगता येत नसेल, तर त्यावर माणसं उतरवू नका. दोन-दोन मीटरचे तुकडे करा, गाठींच्या सरावाला वापरा. अख्खा ठेवलात तर पुढच्या वर्षी नवीन आलेला एखादा मुलगा तोच रोप पिशवीतून काढून कड्यावर लावेल.